मागून धडकला म्हणजे सगळी चूक त्याचीच?

सोलापूर जिल्ह्यातून आलेलं हे पत्र आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.

पत्र लिहिणाऱ्या ताई २९ वर्षांच्या आहेत. त्यांचे पती ३४ वर्षांचे होते. तीन एकर शेती, म्हशींचं दूध डेअरीला, शिवाय गावातल्या संकलन केंद्रावर दोन वेळचं काम असा त्यांचा प्रपंच होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ते मागून धडकले आणि जागीच गेले. चाक निखळल्यामुळे ती भरलेली ट्रॉली दुपारपासून तिथंच होती. मागे रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, चार दगड तेवढे लावलेले होते. हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि लायसन्सची मुदत संपलेली होती. पोलिसांच्या कागदात ‘मयताने भरधाव वेगात पाठीमागून धडक दिली’ असं लिहिलं आहे. ट्रॅक्टरमालक शेजारच्या गावचे, सासऱ्यांच्या पाहुण्यांतले. ते ४ लाख रुपये द्यायला तयार आहेत, पण ‘आमची काही तक्रार नाही’ असं ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून मागतात. सासरे म्हणतात, मेलेल्या माणसाच्या जिवावर कोर्टकचेरी नको, ड्रायव्हर लेकुरवाळा गरीब आहे, त्याचे तळतळाट नकोत. दिरांचं म्हणणं असं की पैसे वडिलांच्या नावावर यावेत, कारण वहिनीचं वय लहान आहे, उद्या दुसरं लग्न केलं तर? ताई गेल्या महिन्यापासून ७ आणि ४ वर्षांच्या मुलांसह माहेरी आहेत. ‘केस टक्क्यावर करून देतो’ असे फोनही त्यांना येत आहेत. त्या विचारतात: ‘४ लाख घेऊन विषय संपवावा का? चूक यांचीच असेल तर दावा लावणं हा खोटेपणा नाही का?’

ताई,

बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एका मुदतीबद्दल लिहिते, कारण ती हातातून गेली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदत नव्हती, म्हणून ‘आधी वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू’ असं सांगणारी जाणती माणसं अजून गावोगाव भेटतात. ती खोटं बोलत नसतात, त्यांची माहिती जुनी झालेली असते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. तुमचा अपघात जानेवारीतला, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमचा अर्ज न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयात, पडलेला हवा. आता मे संपत आला आहे.

आणि तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर नाही, स्टॅम्पपेपरवर नाही, ‘नुसतं पोलीस ठाण्यात द्यायला’ म्हणून आणलेल्या जबाबावरही न वाचता नाही. सासऱ्यांनी परस्पर काही लिहून दिलं असेल तर त्यानं तुमचा हक्क जात नाही. मुलांचा हक्क तर तुम्हाला स्वतःलासुद्धा असा सोडता येत नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या वतीनं तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते.

आता चुकीबद्दल. तुमच्या पत्रात हेच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं: ‘मागून धडकले, म्हणजे चूक यांचीच.’ तुम्ही ते इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते तुम्हालाही खरं वाटू लागलं आहे. चालत्या वाहनाच्या मागे योग्य अंतर ठेवलं नाही आणि पुढच्यानं ब्रेक मारल्यावर आपण धडकलो, तर कायदा साधारण मागच्याकडे बोट दाखवतो हे खरं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा एका प्रकरणात भरपाई नाकारलीही आहे. पण त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे दुसरं प्रकरण होतं. रात्री रस्त्याच्या मधोमध इशारा न देता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर एक मोटार मागून आदळली होती. तिथं संपूर्ण चूक टँकरचालकाची धरली गेली. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपलेल्या माणसाला अंधारातलं उभं वाहन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, ही साधी गोष्ट न्यायालयानं समजून घेतली. २०२४ मध्येही महामार्गावर मधोमध सोडून दिलेल्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तसाच निकाल दिला आणि मोटार चालवणाऱ्यावर टाकलेला अर्धा दोष काढून टाकला.

म्हणजे प्रश्न कोण कोणावर आदळलं एवढाच नसतो. ती ट्रॉली तिथं, त्या वेळी, त्या अवस्थेत का होती, हेही विचारायचं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं की इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी उभं ठेवू नये. चाक निखळणं हा अपघात असू शकतो. पण दुपारी निखळलेल्या चाकाची ट्रॉली रात्री नऊपर्यंत डांबरी रस्त्यावर बिनदिव्याची ठेवणं हा अपघात नाही. तेवढ्या वेळात ऊस उतरवून ट्रॉली बाजूला ओढता आली असती. तेही जमलं नसतं तर मागे कंदील टांगता आला असता, एखादा माणूस बॅटरी घेऊन उभा करता आला असता. दगड लावले होते म्हणता, पण अंधारात दगड दिसत नाहीत, उलट त्यांच्यावरच गाड्या घसरतात. गळीत हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी ‘मागून धडकून मृत्यू’ अशीच बातमी छापून येते. त्या मथळ्यात ट्रॉली कुठंच दोषी नसते, याचा मला मनापासून राग येतो.

‘उभ्या गाडीचा कसला अपघात?’ असंही कोणी म्हणेल. त्याचं उत्तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात मिळालेलं आहे. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर उलटला, काही तासांनी त्याचा भडका उडाला आणि लोक गेले. टँकर त्या वेळी जागचा हलत नव्हता. तरीही वाहन उभं असताना किंवा बंद पडलेलं असताना होणारा अपघातसुद्धा वाहनाच्या वापरातूनच झालेला अपघात ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं.

हेल्मेट आणि लायसन्सचं काय? लायसन्स नसणं हा कायद्याचा भंग आहे, पण तेवढ्यावरून अपघातात त्या माणसाचा दोष होता असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. नियमभंगाचा त्या धडकेशी किंवा तिच्या परिणामाशी संबंध दाखवावा लागतो. हेल्मेटबाबत मात्र तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मृत्यू डोक्याच्या मारानं झाला असेल तर विमा कंपनी तो मुद्दा नक्की काढेल आणि काही टक्के रक्कम कापली जाऊ शकते. ‘काही टक्के’ याच शब्दांकडे लक्ष द्या. न्यायाधिकरणात दोष वाटून दिला जातो. कधी सत्तर-तीस, कधी ऐंशी-वीस. दावा करणं म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची तसूभरही चूक नव्हती’ अशी शपथ घेणं नव्हे. घडलं तसं सांगायचं, हेल्मेट नव्हतं हेही सांगायचं, आणि वाटणी न्यायाधीशांवर सोडायची. यात खोटेपणा कुठं आला? उलट काही न तपासता सगळा दोष गेलेल्या माणसावर टाकून मोकळं होणं मला जास्त अन्यायाचं वाटतं. तो तर उत्तर द्यायला येऊ शकत नाही.

पोलिसांच्या कागदात जे लिहिलं आहे त्यानं दावा संपत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढंच पाहिलं जातं. फिर्याद हा अंतिम पुरावा नसतो. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत आधी मिळवा आणि नीट वाचा. ट्रॉली डांबरी रस्त्याच्या किती आत होती, रस्त्याची रुंदी किती, तिथं खांबावर दिवा होता का, मागे रिफ्लेक्टर होता का, याची नोंद आहे की नाही ते बघा. नोंद नसेल किंवा चुकीची असेल तर तसा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे द्या, पोहोच घ्या. त्या रात्री मदतीला धावलेल्यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये फोटो असतीलच. ते फॉरवर्ड करून घेतलेत तरी ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याला तो पुसू नका म्हणून सांगा आणि त्याचं नाव लिहून ठेवा. दुपारी ती ट्रॉली तिथं पाहिलेला एखादा दुकानदार किंवा दूधवाला साक्षीला उभा राहिला तर त्याचं बोलणं पोलिसांच्या त्या एका ओळीपेक्षा जड ठरू शकतं. ट्रॉली ज्या कारखान्याला जात होती तिथंही वाहतूक कराराची आणि खेपांची नोंद असते. कोणत्या नंबरचं वाहन कोणासाठी चाललं होतं हे त्यातून निघतं.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि पीडित कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा कागदही द्यायचा असतो. तुम्हाला तो मिळालेला दिसत नाही. मागा.

आता पैशांचा हिशेब करू. तो करायला संकोच वाटेल, तरी करू, कारण ४ लाख ही रक्कम मोठी की लहान हे तुम्हाला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

हिशेबाची रीत ठरलेली आहे. २००९ चा ‘सरला वर्मा’ आणि २०१७ चा ‘प्रणय सेठी’ हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक न्यायाधिकरणात वापरले जातात. समजा, दूध आणि केंद्रावरचं काम मिळून तुमच्या पतींची महिन्याची कमाई १५,००० रुपये धरली गेली. स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस चाळिशीच्या आत गेला असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१,००० झाले. त्यातून तो स्वतःवर जे खर्च करत असे ते वजा करतात. त्याच्यावर अवलंबून असणारे चार ते सहा जण असतील तर एक चतुर्थांश. उरले १५,७५०, वर्षाचे १ लाख ८९ हजार. मग वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. झाले ३० लाख २४ हजार. याशिवाय पत्नी, मुलं आणि आईवडील यांनी गमावलेल्या सहवासासाठी प्रत्येकी, अंत्यविधीसाठी आणि मिळकतीच्या (इस्टेटीच्या) हानीसाठी ठरावीक रकमा असतात. त्या सध्याच्या हिशेबानं एकूण पावणेतीन लाखांच्या आसपास जातात. बेरीज ३३ लाखांच्या घरात येते, आणि त्यावर बहुधा अर्जाच्या तारखेपासून व्याज.

आता हेल्मेटसाठी आणि वेगासाठी म्हणून ३० टक्के कापले असं धरा. तरी २३ लाख राहतात. अगदी निम्मा दोष तुमच्या पतींवर टाकला तरी साडेसोळा लाख.

हा आकडा कमाईच्या पुराव्यावर उभा आहे. डेअरीची दर दहा दिवसांची बिलं, बँकेत जमा झालेल्या रकमा, संकलन केंद्राच्या चालकाचा दाखला, म्हशींच्या खरेदीच्या पावत्या, जे मिळेल ते गोळा करा. काहीच कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं किंवा किमान वेतनाच्या आधारानं कमाई धरतं, आणि ती बहुधा कमी असते. शेतीबद्दल एक लक्षात ठेवा: जमीन जागेवर आहे, त्यामुळे तिचं सगळं उत्पन्न बुडालं असं म्हणता येत नाही. बुडाले ते त्यांचे कष्ट आणि देखरेख, आणि हिशेब त्याचाच होतो.

बरं, दोषाचा वाद नकोच असेल तर? त्यासाठी कलम १६४ आहे. त्याखाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. म्हणजे तुमच्या हातावर ठेवले जाणारे ४ लाख हे कायदा जे बिनवादाचं देतो त्यापेक्षाही कमी आहेत. ट्रॅक्टरमालक वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. पण ते घाईत का आहेत याचा विचार करा. अनेकदा ट्रॅक्टरचा विमा असतो आणि ट्रॉलीचा नसतो. कधी विमा शेतीकामाचा असतो आणि वाहन भाड्यानं ऊस ओढत असतं, मग कंपनी हरकत घेते. अशा वेळी न्यायाधिकरण बरेचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालकांना ही भीती असू शकते. म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नोंदणी क्रमांक आणि दोन्हींचे विम्याचे कागद मिळवा. ट्रॉलीला नंबरच नसेल तर तेही लिहून ठेवा, तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

सासरे म्हणतात, मेलेल्या माणसाच्या जिवावर पैसे नकोत. त्यांनी मुलगा गमावला आहे. त्यांच्या या बोलण्यात लोभ नाही, दुःख आहे, आणि बहुधा पाहुण्यांत तोंड दाखवायची काळजीही आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पण एक विचारा: ४ लाख घेतले तर ते जिवावरचे पैसे नाहीत का? पैसे घ्यायचेच नसते तर गोष्ट वेगळी होती. इथं घ्यायचे ठरलेच आहेत, फक्त किती आणि कोणाकडून एवढाच प्रश्न आहे. भरपाई हे माणसाचं मोल नाही. तो राहिला असता तर मोठ्याच्या शाळेत, धाकट्याच्या दवाखान्यात आणि सासूबाईंच्या औषधांत जे आलं असतं त्याचा तो हिशेब आहे. ते मुलांचं आहे, आणि उदार होऊन ते सोडून देण्याचा अधिकार मोठ्यांना नाही.

ड्रायव्हरबद्दलची तुमची काळजी मला समजते आणि ती तुमच्या चांगुलपणाची आहे. पण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, शिक्षा पाच वर्षांपर्यंत) सरकार चालवतं. तुम्ही भरपाई मागितली म्हणून तो लागत नाही, सोडली म्हणून मिटत नाही. भरपाईच्या दाव्यात ड्रायव्हरचं नाव सामनेवाला म्हणून येतं हे खरं, पण विमा असेल तिथं पैसे कंपनी देते. विमा सक्तीचा केला आहे तो याचसाठी, की ड्रायव्हरचं घरही मोडू नये आणि तुमचंही. पुढे फौजदारी खटल्यात साक्षीला बोलावलं तर माहीत आहे तेवढं खरं सांगा. त्यापलीकडे त्याला शिक्षा व्हावी म्हणून धावपळ करायचं बंधन तुमच्यावर नाही.

दिरांच्या मुद्द्याला सरळ उत्तर आहे. विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे. ‘भरपाई मिळावी म्हणून बाईनं जन्मभर विधवा राहावं’ अशी अपेक्षा कायदा करत नाही. तुम्ही लग्न करा किंवा करू नका, तो तुमचा निर्णय, आणि त्याची सावली या दाव्यावर पडू देऊ नका. अर्जदार म्हणून तुम्ही, दोन्ही मुलं, सासू आणि सासरे अशी सगळ्यांची नावं घाला. वाटणी न्यायाधिकरण करतं: कोणाला किती, मुलांची रक्कम कोणत्या बँकेत त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत ठेवीत राहील, हे आदेशातच लिहिलेलं असतं. सगळं एकाच्या नावावर, हा आग्रह तुम्हीही धरू नका आणि त्यांनाही धरू देऊ नका. सासूबाईंचा हिस्सा त्यांच्या हाती पडेल हे दिरांना आत्ताच सांगितलंत तर निम्मा ताण कमी होईल, असं मला वाटतं.

आता माझं मत. ४ लाख घेऊन सही करणं हा मला पर्यायच वाटत नाही. कलम १६४ चा मार्ग ज्यांच्याकडे साक्षीदार नाहीत, फोटो नाहीत आणि दोष आपल्याच माणसाचा असल्याचं उघड दिसतं त्यांच्यासाठी चांगला आहे. तुमची गोष्ट तशी नाही. तुम्ही १६६ खाली दावा करावा. दोन-तीन वर्षं लागतील, कधी त्याहून जास्त. कंपनी अपिलात गेली तर आणखी. आणि सगळा दोष तुमच्या पतींचाच ठरला तर हाती काहीच येणार नाही, हा धोका आहे. इथं तो मोठा आहे असं मला वाटत नाही, पण पंचनामा पाहिल्यावर वकिलांना हा प्रश्न थेट विचारा. तडजोडीलाही माझा विरोध नाही. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत विमा कंपनीशी बोलणी होतात आणि वर्षांचं काम एका दिवसात संपू शकतं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा मान्य करण्याआधी वर केलेला हिशेब सोबत ठेवा. कोणी १२ लाख म्हणालं तर तुम्हाला किती सोडावं लागतंय ते समजलं पाहिजे. न्यायाधीशांसमोर, मुलांचा हिस्सा बाजूला ठेवून केलेली तडजोड वेगळी आणि ओसरीवर स्टॅम्पपेपरवर केलेली वेगळी.

टक्क्यावर केस घेणाऱ्यांचे फोन घेऊ नका. यातले बरेच जण वकील नसतातच, शवविच्छेदनाच्या दारातून नंबर मिळवणारे एजंट असतात. आणि वकील असले तरी निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिली व्यवसायाच्या नियमांत मनाई आहे. कोऱ्या वकीलपत्रावर सही, आधी सही केलेले धनादेश, पासबुक ठेवून घेणं, यातलं काहीही मागितलं तर उठून या.

तुम्हाला वकील मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. आणि दावा अपघात झाला तिथंच लावावा लागतो असं नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही चालतो. म्हणजे माहेराहून तारखांना जाता येईल.

दाव्याशिवायचे काही पैसेही तपासा, कारण त्यांच्या मुदती आणखी आखूड असतात. पतींच्या पासबुकात मे-जून महिन्यात २० रुपये कापल्याची नोंद असेल तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, तिथंही २ लाख. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करा. मोटारसायकलच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण आहे का बघा. लायसन्सची मुदत संपल्याचं कारण देऊन कंपनी नाही म्हणण्याची शक्यता मोठी आहे, पण नकार लेखी घ्या. उशीर झाला असला तरी हे अर्ज द्या आणि उशिराचं कारण लिहा. पती गेल्यावर एक बाई चार महिने कागद शोधू शकली नाही, हे कारण पुरेसं आहे. आयुर्विमा असेल तर ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच, आपल्या एसटी महामंडळाच्या एका प्रकरणात, सांगितलं आहे.

ज्यांच्या घरी अशीच वेळ आली आहे पण धडक देणारं वाहन पळून गेलं, त्यांच्यासाठीही: सापडत नसलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज न्यायालयात नाही, महसूल खात्याकडे करायचा असतो. प्रांत किंवा तहसील कार्यालयात विचारा.

विधी सेवा कार्यालयात पहिल्यांदा जाताना मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, फिर्याद आणि पंचनाम्याच्या प्रती, तुमची आणि मुलांची आधार कार्डं, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा, डेअरीची बिलं आणि बँक पासबुक एवढं न्या. एखादा कागद नसेल म्हणून जाणं पुढे ढकलू नका, राहिलेले कागद नंतर जोडता येतात. भावाला सोबत घ्या. आणि शक्य असेल तर निघण्याआधी सासूबाईंना फोन करून सांगा की अर्जात त्यांचंही नाव घालते आहे. ही गोष्ट त्यांना आधी तुमच्याकडून कळू दे, नोटीस घरी पोहोचल्यावर नको.